गोळी सुटल्यानंतर



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींनी मनाशी म्हटले असेल, की या वक्त्याला दुसरा विषय मिळाला नाही काय! शिकारीच्या शिशाच्या गोळ्यांशी आपले काय देणेघेणे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने आपल्याकडची शिकार जवळजवळ बंदच झाली. ही शंका रास्त आहे. आम्ही तिला उत्तर देणार आहोत, पण शेवटी. आधी आपल्याला आमच्याबरोबर थोडे दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत यावे लागेल.

तेथे शिकारी रीतसर परवाना घेऊन हरिणावर गोळी झाडतो. शिसे हा मऊ धातू. अंगात शिरताच गोळी पसरते, फुटते, आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरवर मांसात विखुरतात. यातले कित्येक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाताखालीही लागत नाहीत. शिकारी तेथेच हरिणाचे पोट फाडतो, आतडी-कोथळा रानात टाकतो आणि उरलेले धूड घरी नेतो. त्याच्या दृष्टीने गोळीचे काम संपले. आमचे म्हणणे असे, की तिचे दुसरे काम येथून पुढे सुरू होते.

त्या कोथळ्यावर कोंडोर उतरतो. हा तिकडचा गिधाडाच्या जातीचा प्रचंड पक्षी; पंख पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे साडेनऊ फूट भरतात. तो स्वतः शिकार करीत नाही. मेलेले खातो आणि रान स्वच्छ ठेवतो. मांसाबरोबर शिशाचे कण पोटात जातात, तेथील तीव्र आम्लात विरघळतात आणि रक्तात उतरतात. मग अन्नमार्गाचे स्नायू लुळे पडतात, खाल्लेले पुढे सरकत नाही, आणि पोटात अन्न असताना पक्षी उपासमारीने मरतो. कोंडोराची मादी साधारणपणे दोन वर्षांतून एकच अंडे घालते. अशा जातीला एकेका मृत्यूची भरपाई करणे फार जड जाते. १९८७ साली रानातला शेवटचा कोंडोर पकडण्यात आला, तेव्हा साऱ्या जगात या जातीचे २७ पक्षी उरले होते. पिंजऱ्यात त्यांची वीण वाढवून १९९२ पासून ते पुन्हा रानात सोडण्यात आले. आज त्यांची संख्या पाचशेच्या वर आहे. परंतु त्यांना वारंवार पकडून रक्त तपासावे लागते, आणि शिसे वाढलेले आढळले की ते शरीराबाहेर काढणारे औषध टोचावे लागते. मोकळ्या कोंडोरांच्या मरणाचे सर्वांत मोठे कारण आजही शिसेच आहे. हे शिसे येते कोठून, हा वाद पुष्कळ दिवस चालला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कोंडोरांच्या रक्तातील शिशाचे गुणधर्म बंदुकीच्या गोळ्यांतील शिशाशी जुळले, आणि वादाला फारशी जागा उरली नाही.

बदकांची गोष्ट याहून जुनी आहे. पाणथळीत शिकाऱ्याने बार काढला म्हणजे बहुतेक छर्रे पाण्यातच पडतात. बदकाला दात नाहीत. दाणे भरडण्यासाठी ते बारीक खडे गिळते. पोटातली पेषणी हे त्याचे जातेच! छर्रा खड्यासारखाच दिसतो. तो जात्यात पडतो आणि दाण्यांबरोबर स्वतःही दळला जातो. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ साली देशभर बंदी आली व त्यांच्या जागी पोलादाचे छर्रे आले. पुढे मिसिसिपीच्या मार्गाने जाणाऱ्या बदकांची तपासणी झाली, तेव्हा विषबाधेने होणारे मृत्यू ६४ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. उपाय केला की गुण येतो, हे यावरून ध्यानात घ्यावे.

आता माणसाकडे वळू. हरिणाचे धूड घरी गेले, त्याचा खिमा झाला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटला गेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३० हरिणांचे मांस क्ष-किरणांनी तपासले. त्यांपैकी २४ हरिणांच्या खिम्यात धातूचे कण सापडले. ते मांस डुकरांना खाऊ घातले, तर त्यांच्या रक्तातले शिसे वाढले. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्थ डकोटा राज्यात गोरगरिबांसाठी शिकाऱ्यांनी दान केलेल्या मांसात असेच कण आढळल्यावर ते वाटू नये असे तेथील अधिकाऱ्यांनी सांगितले. पाहा, दान करणाऱ्याच्या मनात पुण्यच होते! आणि शिसे सर्वांत अधिक बाधते ते लहान मुलांच्या मेंदूला व पोटातल्या गर्भाला. त्यांना निर्धोक असे शिशाचे प्रमाण वैद्यकशास्त्राला सापडलेले नाही.

म्हणून कोणी शिकाऱ्याला खलपुरुष ठरवू लागला, तर आम्ही त्याच्या बाजूने बोलू. विष पेरावे असे त्याच्या मनात कधीच नव्हते. त्याच्या घरातली मुलेच ते मांस पहिल्याने खातात. दोष धातूचा आहे, आणि धातू बदलता येतो. तांब्याची गोळी पसरते, पण फारशी फुटत नाही. ती महाग पडते, सर्व बंदुकांना सहज मिळत नाही, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच ॲरिझोना राज्याने २००५ पासून कोंडोरांच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना अशी काडतुसे फुकट दिली, आणि बहुसंख्य शिकाऱ्यांनी ती आनंदाने वापरली. कॅलिफोर्नियाने कायद्याचा मार्ग धरला. तेथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीस शिशाची गोळी चालत नाही. डेन्मार्कने तर शिशाचे छर्रे १९९६ सालीच बंद केले होते. समजूत की कायदा, असा वाद घालण्यात अर्थ नाही. समजुतीवाचून कायदा लंगडा, आणि कायद्यावाचून समजूत अपुरी.

आता सुरुवातीच्या शंकेकडे येऊ. आपले देणेघेणे काय? श्रोतेहो, आपल्या गिधाडांची आठवण करा. १९९० नंतरच्या दशकात ती पाहता पाहता नाहीशी झाली. मुंबईच्या डोंगरवाडीवर पारशी बांधवांच्या अंत्यविधीला गिधाडे उरली नाहीत. ते का मरतात, हे २००४ साली उमगले. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होते. शेतकऱ्याने ते गाईच्या मायेपोटीच दिले होते! २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरात एकही उरली नव्हती. तिकडे गोळी, इकडे औषध; वाट मात्र एकच, मेलेल्या जनावराची. आणि शिसे म्हणाल, तर ते पेट्रोलमधून २००० सालापर्यंत आपण सर्वांनीच हुंगले आहे.

तात्पर्य एवढेच, की वस्तू आपल्या हातातून सुटली म्हणजे आपली जबाबदारी सुटली, असे होत नाही. ती पुढे कोणाच्या पोटात जाते, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि उत्तर मिळाल्यावर हात बदलायला वेळ लावता कामा नये. कोंडोर २७ वर येईपर्यंत आणि गिधाडे दिसेनाशी होईपर्यंत माणसाने वेळ लावला. पुढच्या खेपेस तो लावू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.