काजूगराचा किलोमागचा खर्च

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजू प्रक्रियेचे छोटे कारखाने गावोगाव आहेत. त्यांतल्या कोणालाही विचारा, ‘किलोभर काजूगर तयार करायला खर्च किती येतो?’ उत्तरादाखल लगेच एक आकडा मिळतो. माझं सांगणं एवढंच आहे, की वर्षात किती माल काढला हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आधी कारखान्याचं वीजबिल बघा. त्यात स्थिर आकार वेगळा असतो आणि वीज आकार वेगळा. पावसाळ्यात कारखाना बंद असला, तरी स्थिर आकार भरावाच लागतो. वीज आकार मात्र जेवढे युनिट वापराल तेवढाच. तुमच्या सगळ्या खर्चाची विभागणी अशीच करायची आहे. गाळ्याचं भाडं, यंत्रांसाठी घेतलेल्या मुदत कर्जाचं व्याज, यंत्रांचा घसारा, विमा, कायम माणसाचा पगार हे स्थिर खर्च. काजूबी, किलोवर दिली जाणारी फोडण्याची आणि सोलण्याची मजुरी, सरपण, पॅकिंग हे बदलते खर्च.

काही खर्च मात्र फसवे असतात. बी फोडणाऱ्या बायकांना किलोवर मजुरी दिली, तर तो बदलता खर्च. त्याच बायकांना महिन्याच्या पगारावर ठेवलं, की तो स्थिर होतो. व्याजाचंही तसंच आहे. यंत्राच्या कर्जाचं व्याज स्थिर, पण हंगामात बी भरून ठेवण्यासाठी काढलेल्या कॅश क्रेडिटचं व्याज बी जितकी जास्त घ्याल तितकं वाढतं. हिशेबाच्या वहीत ही दोन्ही व्याजं एकाच ओळीत लिहिलेली मला वारंवार दिसतात. ती वेगळी लिहा.

आता जवळ कागद असेल तर घ्या. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला. बीचा भाव १२० रुपये किलो. एक किलो गराला साधारण चार किलो बी लागते, म्हणजे ४८० रुपये. मजुरी, सरपण, पॅकिंग आणि बीच्या पैशाचं व्याज मिळून ९० रुपये. एकूण बदलता खर्च ५७०. सगळ्या प्रतींचा सरासरी विक्रीभाव ७०० धरला, तर दर किलोमागे १३० रुपये उरतात. वर्षाचा स्थिर खर्च २ लाख ६० हजार.

वर्षात १,००० किलो गर काढला, तर प्रत्येक किलोवर २६० रुपयांचा स्थिर खर्च बसतो. किलो पडला ८३० रुपयांना, विकला ७०० ला. वर्षाचा तोटा १ लाख ३० हजार. २,००० किलो काढला, तर स्थिर खर्च किलोमागे १३० वर येतो आणि कारखाना ना नफा ना तोटा या रेषेवर उभा राहतो. ४,००० किलोला तोच भार ६५ रुपये होतो आणि वर्षाला २ लाख ६० हजार हातात राहतात. गाळा तोच, यंत्रं तीच. बदलता खर्च मात्र तिन्ही वेळा किलोमागे ५७० च राहिला. वाढली ती फक्त त्याची बेरीज.

ज्याचा माल कमी निघाला, तो ८३० चा आकडा बघून घाबरतो आणि भाव वाढवतो. मग गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, माल आणखी कमी निघतो, आणि पुढच्या वर्षी किलोमागचा खर्च आणखी चढतो. चांगले चालू शकणारे कारखाने या चक्रात बंद पडतात, याचं मला फार वाईट वाटतं. अशा वेळी ६१० रुपयांची जादा ऑर्डर आली, तर सरळ नाकारू नका. ५७० बदलता खर्च वजा जाता मिळणारे ४० रुपये गाळ्याच्या भाड्याला हातभार लावतात. अट एवढीच, की नेहमीच्या गिऱ्हाइकांचा भाव त्यामुळे पडता कामा नये. आणि वर्षाचा सगळा माल याच भावाने विकत बसलात, तर एवढ्या मालात स्थिर खर्च भरून निघणार नाही.

माल वाढवणं हा एक मार्ग झाला. दुसऱ्या मार्गाकडे आपलं लक्ष कमी जातं, तो म्हणजे बीचा उतारा, बीच्या वजनात गर किती टक्के निघतो ते. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला ७ या जातीत गराचा उतारा ३० टक्क्यांच्या आसपास मिळतो. त्याच १२० च्या भावाने अशी बी मिळाली, तर किलोभर गराला ४८० ऐवजी ४०० रुपयांची बी पुरते. म्हणजे किलोमागे १३० नव्हे, २१० रुपये उरतात, आणि २,००० ऐवजी सुमारे १,२४० किलोलाच कारखाना तोट्यातून बाहेर येतो. अशा बीला बागायतदाराने किलोमागे १०-१५ रुपये जास्त मागितले, तरी द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. खरेदीच्या वेळी नमुन्याची बी फोडून गराचं वजन करायला विसरू नका.

शेवटी नवीन यंत्रांबद्दल. स्थिर खर्च कायमचा स्थिर नसतो. आहे त्या यंत्रांची क्षमता संपली, की तो एकदम वरच्या पायरीवर जातो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली आलेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं होतं. अनुदानामुळे कर्ज कमी होतं, पण बाकीचं व्याज, विमा आणि वाढीव जागा आपल्याच अंगावर असते. समजा दुसरा बॉयलर आणि ड्रायर घेतल्याने स्थिर खर्च वर्षाला दीड लाखाने वाढला. किलोमागे १३० उरत असतील, तर तो भरून काढायला सुमारे १,१५० किलो जादा गर विकावा लागेल, आणि त्यासाठी साडेचार टनांहून जास्त बी लागेल. ती बी मार्च ते मे या काळात कोणाकोणाच्या बागेतून येईल आणि तिचे साडेपाच लाख रुपये कुठून उभे राहतील, हे आधी नावानिशी लिहून काढा. त्या यादीची बेरीज जमली, तरच यंत्रांचं कोटेशन मागवा.