गठ्ठा किती वेळा उचलता? यंत्र घेण्याआधी एवढं मोजा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय चाऱ्याचा आहे. चारा पिकवायचा कसा, हे आज नाही बोलायचं. आज बोलायचं ते उचलायचा कसा आणि रचायचा कसा, यावर.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो व्हिडिओ पाहिला असेल. अमेरिकेतलं भलंमोठं शेत, एक माणूस ट्रॅक्टरवर बसलाय, मागची गाडी जमिनीवरचे छोटे चौकोनी गठ्ठे एकेक करून उचलते, स्वतःच थर लावते आणि शेडमध्ये जाऊन सगळी थप्पी एकदम उभी करते. माणसाचा हात कुठेही लागत नाही. त्या गाडीत एका वेळी शंभराच्या वर गठ्ठे मावतात. असे व्हिडिओ पाहून विचारलं जातं, “दादा, आपल्याकडे यातलं काय घ्यावं?”

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. यंत्र नंतर निवडा. आधी एक वही घ्या आणि तुमच्या घरात एक गठ्ठा किती वेळा उचलला जातो ते मोजा. आम्ही हे उलट्या क्रमाने केलं आणि चुकलो. म्हणून आज बोलतोय.

आमची चूक

आमचं घर परभणी जिल्ह्यातलं. गहू आणि सोयाबीन. हार्वेस्टर पुढे जातो, मागे काड राहतं, ते भाड्याच्या बेलरने बांधून घेतो. दोन्ही हंगामांचे मिळून वर्षाला साधारण 600 गठ्ठे. छोटा चौकोनी गठ्ठा म्हणजे किती? बहुतेक बेलरमध्ये त्याची उंची 36 सेंटीमीटर आणि रुंदी 46 सेंटीमीटर असते. ही मापं यंत्राच्या पेटीची असतात, ती बदलत नाहीत. लांबी मात्र कमी-जास्त करता येते. आमचा गठ्ठा सरासरी 20 किलोचा.

दोन वर्षांपूर्वी आबांची कंबर धरली. डॉक्टरांनी वजन उचलायचं बंद सांगितलं. मग मी आणि दादाने ठरवलं की आता यंत्र घ्यायचंच. व्हिडिओ पाहिले आणि गावाजवळच्या एका वर्कशॉपमधून ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरला लावायचा ग्रॅब बनवून घेतला. आकड्यांची चौकट. आठ गठ्ठे एकदम उचलायची.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कळल्या. एक, गठ्ठे शेतभर विखुरलेले. ग्रॅबला ते आठाच्या चौकोनात लावलेले लागतात, आणि ते लावायला माणूसच लागला. दोन, भाड्याच्या बेलरने काही गठ्ठे अडीच फुटी तर काही साडेतीन फुटी बांधलेले. लांबी एकसारखी नाही म्हटल्यावर कडेचे गठ्ठे आकड्यात बसेनात, वर उचलले की निसटायचे. आणि तीन, याचं तर हसू पण येतं आणि रडू पण. लोडर लावलेला ट्रॅक्टर आमच्या पत्र्याच्या शेडच्या दारातून आत जाईना. वर कैचीची आडवी पाइप आडवी येत होती. म्हणजे ग्रॅबने गठ्ठे दारापर्यंत आणायचे आणि तिथून पुढे पुन्हा हातानेच.

ग्रॅब वाईट नव्हता. आम्ही दारात उभं राहून टेप लावली नव्हती, एवढंच.

वहीतला हिशेब

पुढच्या हंगामात मी शेडच्या दाराशी वही घेऊन बसलो. गठ्ठ्याचा प्रवास लिहिला. जमिनीवरून उचलून ट्रॉलीवर दिला, एक. ट्रॉलीवरच्या माणसाने घेऊन रचला, दोन. शेडपाशी खाली टाकला, तीन. आतल्याने उचलून थप्पीपर्यंत नेला, चार. वर फेकला, पाच. वरच्या माणसाने जागेवर बसवला, सहा.

आता गुणाकार करा. 600 गठ्ठे गुणिले 20 किलो म्हणजे 12 टन चारा. पण सहा वेळा उचलला म्हणजे माणसांच्या हातांवरून 72 टन गेले. चारा 12 टन, उचल 72 टन!

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. वजन उचलण्याच्या त्यांच्या सूत्रात सुरुवातीचा आकडा 23 किलो आहे. तोही सगळं आदर्श असेल तेव्हाचा: वजन अंगाशी, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, कंबर न पिळता, अधूनमधून. जमिनीवरून उचलायचं असेल, वळायचं असेल, तासन्‌तास करायचं असेल, तर तो आकडा खाली येतो. आपण गठ्ठा कसा उचलतो? पायापासून, कंबर वळवून, डोक्याच्या वर, दिवसभर. म्हणजे आपला 20 किलोचा गठ्ठा हलका नाहीये, मंडळी.

म्हणून पहिली निवड बेलरवरच होते. बेलरवाल्याला सांगून लांबी आणि दाब कमी करून घ्या. गठ्ठा 14-15 किलोचा करा. एकूण टन तेवढेच राहतील, गठ्ठे वाढतील, दोरी जास्त लागेल. पण प्रत्येक उचल कंबरेला झेपेल. शिवाय लांबी एकसारखी ठेवायला सांगा. हे फुकट आहे आणि पुढच्या सगळ्या यंत्रांचा पाया आहे.

कोणतं साधन कोणती उचल वाचवतं

आता बाजारात काय आहे ते याच वहीच्या भाषेत बघू.

बेलरच्या मागे ट्रॉली. बेलरला मागे घसरपट्टी आणि हूक असेल तर ट्रॉली थेट जोडता येते. गठ्ठा जमिनीवर पडतच नाही, ट्रॉलीवरचा माणूस घेतो आणि रचतो. दोन उचलींची एक झाली. अडचण अशी की ट्रॅक्टर, बेलर आणि ट्रॉली मिळून लांबलचक गाडी होते, लहान वावरात वळत नाही. आणि चालत्या ट्रॉलीवर माणूस उभा असतो, तेव्हा कठडा हवा, वेग कमी हवा, बांध-सरी आली की आधी आवाज द्यायला हवा.

कन्व्हेयर, म्हणजे साखळीचा सरकता पट्टा. शिडीसारखा तिरका लावायचा, लहान मोटरवर चालतो. ट्रॉलीवरचा माणूस गठ्ठा पट्ट्यावर ठेवतो, वरचा घेऊन बसवतो. आमच्या वहीतल्या तीन ते सहा, या चार उचलींच्या दोन झाल्या. घेताना साखळी आणि चाकांवर जाळी आहे का बघा. ओढणी, उपरणं, बाही काहीही त्यात अडकू शकतं. आणि लोखंडी कन्व्हेयर उभा करण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का, ते मान वर करून बघा.

ही दोन साधनं मिळून सहाच्या तीन उचली होतात. 72 टनांचे 36 टन. काहीही परदेशी न घेता.

त्यापुढचं म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर आणि ग्रॅब. अ‍ॅक्युम्युलेटर ही बेलरमागे ओढायची चौकट. ती गठ्ठे गोळा करते, आठ झाले की चौकोनात लावून मागे सोडते. मग लोडरचा ग्रॅब ते आठ एकदम उचलतो. चौकोनच का? गठ्ठ्याची रुंदी 46, लांबी 92 धरली तर चार गठ्ठे शेजारी-शेजारी आणि असे दोन, दोन्ही बाजू 184 सेंटीमीटर. चौकोन असल्यामुळे पुढचा थर आडवा फिरवून ठेवता येतो आणि थर एकमेकांना धरून राहतात. लांबी चुकली की चौकोन बिघडतो. आमचं तेच झालं होतं. याला लोडर हवा, मोकळं आणि सपाट वावर हवं, उंच दाराची शेड हवी. आणि पुढे वजन आलं की ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, त्यामुळे मागे तेवढं वजन बांधावं लागतं. उताराच्या रानात हे विसरू नका.

मग ते व्हिडिओतलं, आपोआप उचलून रचणारी गाडी. हजारो गठ्ठ्यांच्या शेतांसाठी ती बनलीय. 600 गठ्ठ्यांसाठी ती घेणं म्हणजे चार घरांच्या पाण्यासाठी धरण बांधणं.

पैशाचा हिशेब सोपा ठेवा. समजा कन्व्हेयर 60 हजारांचा आहे आणि 10 वर्षं चालला. वर्षाला 600 गठ्ठे, म्हणजे एकूण 6 हजार. गठ्ठ्यामागे 10 रुपये. समजा लोडर, अ‍ॅक्युम्युलेटर आणि ग्रॅब मिळून 4 लाख 80 हजार झाले, तर गठ्ठ्यामागे 80 रुपये. तुमच्याकडे गठ्ठा कितीला विकतो ते आठवा आणि ठरवा. हेच चौघा-पाच जणांनी मिळून घेतलं, वर्षाला 6 हजार गठ्ठे झाले, तर तेच 80 चे 8 रुपये होतात. किमती मी उदाहरणासाठी धरल्यात, तुम्ही खरी कोटेशन घालून बघा. आणि महाडीबीटीवर अनुदानासाठी अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका.

रचताना

थप्पी नीट नसेल तर यंत्राचा उपयोग नाही. खाली लाकडी पॅलेट किंवा दगड-फळ्या. तळाचा थर कडेवर उभा लावा, म्हणजे दोऱ्या बाजूला येतात, जमिनीच्या ओलीने कुजत नाहीत. पुढचे थर गवंडी विटा लावतो तसे, सांधा मोडून. भिंतीपासून थोडी जागा सोडा.

आणि ओल. मार्चमधलं गव्हाचं काड कोरडं असतं, पण ऑक्टोबरचं सोयाबीन, वर परतीचा पाऊस, तिथे घात होतो. 20 टक्क्यांच्या वर ओल असलेला चारा दाबून रचला की आतून तापतो, बुरशी धरतो. लोखंडी सळई थप्पीत खोल घालून वीसेक मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर सावध व्हा. आतलं तापमान 65 अंशांवर गेलं की धोका सुरू, 80 च्या आसपास आग कधीही लागू शकते. अशा वेळी थप्पी स्वतः फोडायला जाऊ नका, हवा मिळाली की भडका उडतो. आधी अग्निशमन दलाला बोलवा.

वहीत नसलेली उचल

आता शेवटची गोष्ट. वही मी अभिमानाने घरात दाखवली. सहा उचली, 72 टन, सगळं. आई भाकरी करत होती. ती म्हणाली, “आणि काढतं कोण रे?”

मी गप्प.

थप्पी लागली की आमच्या लेखी काम संपायचं. आईचं तिथून सुरू व्हायचं. रोज दोन गठ्ठे, साधारण दहा महिने. 600 गठ्ठे, 12 टन, एकटीने. आम्ही पुरुष मंडळी थप्पी उंच रचून मोकळे व्हायचो आणि ती रोज बाजेवर चढून वरचा गठ्ठा ओढून अंगावर घ्यायची, मग डोक्यावरून गोठ्यात न्यायची. आबांची कंबर गेली तेव्हा आम्ही यंत्र शोधायला निघालो. तिची कंबर तर आम्ही हिशेबातच धरली नव्हती.

त्या वर्षी आम्ही दुसरा कोणताही खर्च करण्याआधी दोन चाकांची हातगाडी घेतली आणि शेड ते गोठा वाट सपाट केली. थप्पी पायऱ्यांची रचायला लागलो, म्हणजे समोरचा थर कायम तिच्या कमरेएवढा. मागचे उंच थर दादा किंवा मी दर रविवारी पुढे आणून देतो. गठ्ठे 15 किलोचे केले. कन्व्हेयर नंतर आला, शेजारच्या दोन घरांत मिळून. ग्रॅब विकला.

तर मंडळी, शोरूमला जाण्याआधी तीन कामं करा. गठ्ठा शेवटी जिथे सोडला जातो तिथे, म्हणजे गव्हाणीपाशी उभे राहा आणि तिथून उलटं शेतापर्यंत मोजत या. दार, कैची, फाटक, वळण, सगळीकडे टेप लावा. आणि घरात प्रत्येकाला विचारा, ‘तू किती उचलतोस, तू किती उचलतेस?’ उत्तर ऐकल्यावर काय घ्यायचं ते बहुतेक वेळा आपोआप कळतं.

तुमची वही भरली की व्हॉइस नोट पाठवा, किती उचली निघाल्या ते सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, कंबरेची पण!