आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



फौजदारी कायदा हा वकिलांचा प्रांत, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. परंतु वस्तीत पोलिसांची गाडी येते तेव्हा तेथे वकील नसतो. असला तर कार्यकर्ता असतो. संशयित, आरोपी, कच्चा कैदी आणि गुन्हेगार या शब्दांतील अंतर त्याला ठाऊक नसेल, तर त्याच्या तळमळीचा त्या घराला फारसा उपयोग होत नाही.

गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा, आणि तोही खटल्याच्या अखेरीस. हा क्रम उलटा केला की काय होते, हे आपण पाहिले आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढविली. पारध्यांसारख्या जमातींत जन्म झाला, एवढ्यावरच माणूस गुन्हेगार ठरू लागला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. समाजाच्या आणि पोलीस ठाण्याच्या मनातून मात्र तो अद्याप गेलेला नाही.

आता प्रक्रियेकडे वळू. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, टप्पे बहुतांशी तेच राहिले.

पहिला टप्पा खबरीचा. ज्या गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात आणि स्वतः होऊन तपास करू शकतात, तो दखलपात्र. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून तपास होत नाही. मारहाण झालेल्या मजुराच्या हाती अदखलपात्र नोंदीचा कागद देऊन त्याची बोळवण केली जाते, तेव्हा हा भेद समजून घ्यावा लागतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितले. नव्या संहितेने तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली आहे. खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी.

दुसरा टप्पा अटकेचा. अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला घेता येणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाणे, हे हक्क राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिले आहेत. नातलगाला अटकेची माहिती दिली गेलीच पाहिजे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, ही गोष्टही त्या नातलगाला सांगावी.

तिसरा टप्पा कोठडीचा. गरिबाची खरी कसोटी येथे लागते. पोलीस कोठडीत आरोपी तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात असतो. न्यायालयीन कोठडीत तो तुरुंगात असतो. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांहून अधिक देता येत नाही. साधारण कायद्यानुसार तपास साठ दिवसांत, आणि दहा वर्षे वा त्याहून अधिक कारावास, जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत पुरा होऊन आरोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क ठरतो. मात्र तो मागावा लागतो, आणि आरोपपत्र येण्यापूर्वी मागावा लागतो. अर्जास एक दिवस उशीर झाला आणि दरम्यान आरोपपत्र आले, तर तो हक्क जातो.

आरोपपत्र म्हणजे पोलिसांचे म्हणणे. न्यायालय त्यावरून आरोप निश्चित करते, किंवा पुरेसे कारण नसल्यास आरोपीला आरोपमुक्त करते. त्यानंतर साक्षी, उलटतपासणी, आरोपीचा जबाब, युक्तिवाद आणि निकाल. गुन्हेगार हा शब्द येथे, दोष सिद्ध झाल्यावरच, वापरता येतो. आणि त्यावरही अपील असते.

परंतु या शेवटापर्यंत पोहोचण्याआधीच किती माणसे तुरुंगात झिजतात! २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतील तिघांचा दोष सिद्ध झालेला नव्हता. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारमधील कच्च्या कैद्यांची दैना उजेडात आली आणि त्वरित न्याय हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. तत्त्व मान्य झाले, तुरुंग मात्र रिकामे झाले नाहीत. कारण श्रीमंताच्या दाराशी जामीनदार उभा असतो. गरिबाला तो सापडत नाही.

यावर कायद्यात काही वाटा आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास आरोपीस निर्धन मानून त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे लागते. फाशी वा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि अन्य खटले प्रलंबित नसतील, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने एकतृतीयांश काळ तुरुंगात काढल्यावर सुटकेचा विचार व्हावा लागतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोठडीतील प्रत्येक माणूस मोफत वकिलास पात्र आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने एक साधी वही ठेवावी. अटकेची तारीख, कोठडीचा पहिला दिवस, साठावा आणि नव्वदावा दिवस तीत लिहावा, आणि त्या आधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठवावे. मोर्चा काढण्याइतकेच हेही राजकीय काम आहे. आणि निकाल लागेपर्यंत आपल्या पत्रकात, भाषणात वा घरच्या गप्पांतही कोणाला गुन्हेगार म्हणू नये. तो माणूस आपल्या विरोधकांपैकी असला तरीही.