सोनेरी रंगाची मर्यादा



२००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांना तळलेल्या बटाट्यांत अ‍ॅक्रिलामाइड आढळले. ते कोणी मिसळत नाही. सुमारे १२० अंश सेल्सिअसपलीकडील उष्णतेत बटाट्यातील शर्करा व अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल यांच्या संयोगातून ते निर्माण होते. शरीरात त्याच्या काही अंशाचे ग्लिसिडामाइड बनते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करू शकते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे कर्करोग झाला; माणसाबाबतचा पुरावा निर्णायक नाही. परंतु वजनाच्या मानाने मुलांच्या पोटात ते अधिक जाते, म्हणून डबा भरतानाच सावधगिरी हवी. बटाटा उकडल्यास हा धोका जवळजवळ नसतो. तळायचाच असेल तर काप आधी पाण्यात भिजवावेत आणि सोनेरी रंग येताच कढईतून काढावेत. करपलेले ते खरपूस नव्हे.