प्रतापगडावरचे आभाळ

इंग्लंडसारख्या देशात शिकारी पक्ष्यांची केंद्रे असतात. तिकीट काढून आत जायचे, हातात जाड कातडी मोजा चढवायचा आणि मोज्यावर मांसाचा तुकडा धरायचा. समोरच्या खांबावरून ससाणा झेपावतो आणि थेट मनगटावर येऊन बसतो. सहकुटुंब रविवार घालवायला ही जागा चांगलीच. आपल्याकडे मात्र असे करता येत नाही. राजेरजवाड्यांच्या काळात बाज आणि बहिरी ससाणे पाळले जात. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पक्षी पकडणे आणि बाळगणे गुन्हा ठरवले. मग आपल्या मुलांनी गरुड पाहायचा कुठे? याचे उत्तर सोपे आहे. मान वर करायची, आणि थोडा धीर धरायचा.

माझी बहीण इंग्लंडात राहते. नाताळच्या सुट्टीत ती मुलाला घेऊन अर्जुनी मोरगावला आली. भाचा अकरा वर्षांचा. असे एक केंद्र त्याने तिकडे पाहिलेले होते. 'मामा, इथलं सेंटर कुठे आहे?' हा त्याचा पहिला प्रश्न. मी म्हटले, आपण उद्या प्रतापगडला जाऊ. माझी आईही निघाली. तिचे वय ऐंशीच्या घरात, पण प्रतापगड म्हटले की तिला घरी थांबवणे कठीण.

गोंदिया जिल्ह्यातला हा प्रतापगड साताऱ्याच्या प्रतापगडाइतका प्रसिद्ध नाही. पण महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. इथे महादेवाचे स्थान आहे आणि दर्गाही आहे; दोन्हीकडे माथा टेकून लोक घरी जातात. यात्रेचे दिवस सोडले तर डोंगर शांत असतो.

आम्ही सकाळी लवकर पोचलो. तासभर काहीच दिसले नाही आणि भाचा कंटाळला. मी त्याला सांगितले, मोठे पक्षी उगाच पंख मारून शक्ती खर्च करत नाहीत. ऊन चढते, जमीन तापते, तापलेली हवा वर चढू लागते. त्या हवेवर पंख पसरले की फुकटात उंची मिळते. दहाच्या सुमारास तसेच झाले. आधी घारी आल्या. मग एक लांब शीळ ऐकू आली आणि झाडीतून सर्पगरुड वर आला. पंखांखालचा पांढरा रुंद पट्टा स्पष्ट दिसत होता. साप हे त्याचे मुख्य अन्न. घिरट्या घेत तो आमच्या पातळीला आला, आणखी खाली गेला, तेव्हा त्याची पाठ दिसली. उडत्या गरुडाची पाठ पाहायला मिळणे ही डोंगरावर चढण्याची खरी मजुरी. भाचा हळूच म्हणाला, 'मामा, याला कुणी बोलावलं नाही, तरी आला.'

दुपारी आम्ही नवेगावबांधला गेलो. सात बहिणींच्या डोंगरांमध्ये कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधलेला हा तलाव. कै. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे काम केले आणि त्यांच्या लेखनामुळे तो मराठी वाचकांच्या घरोघरी पोचला. हिवाळ्यात इथे उत्तरेकडून बदके येतात, आणि त्यांच्या मागोमाग शिकारी पक्षीही. दलदलीवरून भोवत्या तरंगत जात होता. तो जिथून जाईल तिथली बदके एकदम उठत. कडेच्या शेतावर कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत उभी राहून उंदीर शोधत होती. परतताना मासेमार कैकर दिसला. पाय पुढे करून त्याने पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. त्याच्या तळपायांवर काट्यांसारखे खवले असतात, म्हणून निसटता मासाही सुटत नाही.

डबा उघडून बसलो असताना भाच्याने विचारले, 'आजी, तुमच्या लहानपणी यापेक्षा मोठे पक्षी होते का?' आई म्हणाली, 'गिधाडं होती ना बाबा! गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं का घडीभरात आभाळ भरून जाय. संध्याकाळी नुसती हाडं राहत.' 'मग ती कुठे गेली?' आई माझ्याकडे पाहू लागली.

ती कुठे गेली, हे आज आपल्याला ठाऊक आहे. १९९०च्या दशकात भारतभर गिधाडे मरू लागली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजार होती, तिथे एक उरले. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण कळले. दुखणाऱ्या जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध. ते घेतलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की त्याचे मूत्रपिंड निकामी होते. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. लंगडणाऱ्या बैलाला बरे वाटावे म्हणूनच शेतकऱ्याने इंजेक्शन द्यायला सांगितले होते. पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. एवढे मृत्यू भरून निघणार कसे?

गिधाडे गेली, तरी मेलेली जनावरे टाकली जातच होती. त्या मांसावर कुत्री वाढली, पाणवठे दूषित झाले. गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. ज्याला आपण अशुभ म्हटले, तो गावाचा बिनपगारी सफाई कामगार होता.

प्रतापगडाच्या परिसरातच, गोठणगावजवळ, १९७२पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या मूळ देशात माणसाचा मृतदेह गिधाडांना अर्पण करण्याची प्रथा आहे; मुंबईचे पारशीही पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आले. रामायण ऐकत वाढलेल्या आपल्याला तर जटायू ठाऊक आहेच. इतका मान आणि इतके दुर्लक्ष, दोन्ही एकाच पक्ष्याच्या वाट्याला आले.

आता प्रयत्न सुरू आहेत. २००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, २०२३मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही. हरियाणातल्या पिंजोर केंद्रात वाढवलेली २० गिधाडे जानेवारी २०२४मध्ये विदर्भातल्या पेंच आणि ताडोबात आणली गेली आणि पुढे मोकळी सोडली. त्यातली काही जगली नाहीत. तरीही सुरुवात झाली, हे महत्त्वाचे.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. जनावर आजारी पडले, की डॉक्टरांना विचारा, 'हे इंजेक्शन गिधाडांना चालणारे आहे का?' मेलॉक्सिकॅमसारखे सुरक्षित औषध उपलब्ध आहे. बिबट्याने किंवा वाघाने गुरू मारले तर रागाच्या भरात त्यावर विष टाकू नका. नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करा. आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना जवळच्या डोंगरावर न्या. सोबत पाणी घ्या, दुर्बीण असली तर उत्तम, आणि दहा वाजेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. आज त्यांना सर्पगरुड दिसेल. आजीने पाहिलेले आभाळ त्यांना पुन्हा दिसणार की नाही, हे आपल्या गोठ्यात कुठले औषध वापरले जाते, त्यावर ठरणार आहे.