गवत कापताना यंत्र मधेच थांबतं तेव्हा
मैदानावरचं बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र सारखं बंद पडतंय? आधी ते कधी पडतं ते बघा. खड्ड्यातून जाताना पडत असेल, तर सीटखालचा स्विच तपासा. चालक उठला की पाती थांबावीत म्हणून तो असतो. वायर सैल झाली, तर चालक बसलेला असूनही इंजिन थांबतं. स्विच काढून थेट वायर जोडून देणारे मेकॅनिक भेटतात. त्यांचं ऐकू नका, पाय जाईल.

थोडा वेळ चालून थांबत असेल, तर इंजिन गार झाल्यावर टाकीचं झाकण उघडून परत लावा. मग पुन्हा तेवढाच वेळ चाललं, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. आत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही. छिद्र साफ असेल, तर पेट्रोल फिल्टर बदला.