औषध देणारा हात आणि जाणणारे मन



ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण आज कॅम्पमधील या सभागृहात जमलो आहोत, त्यांची मी विद्यार्थिनी. त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी उभे राहताना मनात अभिमानापेक्षा संकोचच अधिक आहे. तो का, हे सांगण्यासाठी मला माझीच एक चूक आपल्यापुढे ठेवावी लागेल.

मी नुकतीच नोकरीला लागले होते. रुग्णालयाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. स्त्रियांच्या वॉर्डात दोन पाटीलबाई होत्या. एक मराठी बोलणाऱ्या, दुसऱ्या कन्नड. आपल्या सीमाभागात हे आडनाव दोन्ही भाषांच्या घरांत आढळते. सकाळी इन्शुलिन भरून मी खाटेजवळ गेले आणि विचारले, "तुम्ही पाटीलच ना?" त्यांनी मान डोलावली. मी इंजेक्शन दिले. पुढच्या खाटेवरच्या बाईंनी "माझं इंजेक्शन राहिलं की!" असे म्हटले, तेव्हा माझ्या हातापायांतले बळच गेले.

मी धावत जाऊन बाईंना सांगितले. त्यांनी प्रथम डॉक्टरांना बोलावले, रुग्णाला साखरेचे पाणी पाजले आणि दिवसभर रक्तातील साखर पुन्हा पुन्हा तपासून घेतली. पाटीलबाई सुखरूप राहिल्या. संध्याकाळी बाईंनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "घडलं तसं लिही. तू लपवलं असतंस, तर त्या गेल्या असत्या."

त्या दिवसापासून मी कोणत्याही रुग्णाला होकारार्थी प्रश्न विचारला नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा," किंवा "निम्म हेसरु एनु?" असेच विचारावे. आजारी माणूस भीतीने, आदराने वा ऐकू न आल्यानेही मान डोलावतो. नाव त्याच्या तोंडून यावे आणि ते केसपेपरशी व हातावरच्या पट्टीशी ताडून पाहावे.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पंचसूत्री आपण पाठ केलेली असते. पाठांतराला ज्ञानाची जोड नसेल, तर ती अपुरी पडते. इन्शुलिनचेच पाहा. आपल्याकडे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली मिळते आणि १०० युनिटचे इन्शुलिनही मिळते. सिरिंजही दोन्ही प्रकारच्या असतात. डॉक्टरांनी २० युनिट लिहिले आहेत. ४० च्या बाटलीतले औषध १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला ८ युनिटच मिळतील. उलट १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरले, तर ५० युनिट जातील. आकडा तोच, खूण तीच. परंतु एकीकडे औषध पुरणार नाही आणि दुसरीकडे रुग्ण बेशुद्ध होईल. हे गणित कागदावर सोडवलेल्या मुलीचा हात सिरिंज उचलण्यापूर्वी थबकतो.

पोटॅशियम क्लोराइडचीही तीच गोष्ट. त्याची छोटी कुपी पाण्याच्या कुपीसारखी दिसू शकते. सलाइनमध्ये मिसळून सावकाश दिल्यास ते उपयोगी पडते. तसेच शिरेत ढकलल्यास हृदय बंद पडते. म्हणून लेबल तीनदा वाचावे: कपाटातून घेताना, भरताना आणि देण्यापूर्वी. डिगॉक्सिन देण्यापूर्वी पूर्ण मिनिटभर हृदयाचे ठोके मोजावेत आणि प्रौढ रुग्णात ते साठच्या खाली असल्यास औषध थांबवून डॉक्टरांना कळवावे. औषध काय करते हे जिला ठाऊक, तिलाच ते केव्हा देऊ नये हे कळते.

आता याहून कठीण प्रसंगाकडे वळते. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना ग्लिसरॉल देण्यात आले होते. मेंदूवरचा वा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी ते त्या काळी तोंडावाटे देत असत. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतच्या साऱ्या व्यवस्थेची चौकशी केली. अमेरिकेत १९३७ साली याच विषाने शंभराहून अधिक माणसे गेली होती. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमधून पुन्हा तेच विष लहान मुलांच्या पोटात गेले. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते.

अशा वेळी आपली पंचसूत्री काय करणार? रुग्ण योग्य, मात्रा योग्य, वेळ योग्य, पण बाटलीच विषारी. परिचारिकेला बाटलीच्या आतले दिसत नाही, हे खरे. मात्र औषध दिल्यानंतरचा रुग्ण तिला दिसतो. लघवी कमी झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि एकाच औषधानंतर दोन-तीन खाटांवर तेच घडू लागले, तर ते सर्वप्रथम तिच्याच लक्षात येऊ शकते; कारण लघवीचे माप तीच लिहिते. म्हणून बाटलीवरचा बॅच क्रमांक लिहून ठेवावा, उरलेले औषध फेकू नये आणि शंका आली की ताबडतोब बोलावे. औषध पाजल्याने आपले काम संपत नाही. त्यानंतरची देखरेखही औषधोपचाराचाच भाग आहे.

परंतु बोलायला धैर्य लागते, आणि ते एकटीच्या छातीत उपजत नाही. इथे माझी विनंती विद्यार्थिनींपेक्षा आज वरिष्ठ पदांवर असलेल्या माजी विद्यार्थिनींना आहे. एखादी मुलगी थरथरत येऊन "सिस्टर, माझ्याकडून चूक झाली" असे म्हणेल, तेव्हा तिला चारचौघांत झिडकारू नका. झिडकारलेली मुलगी पुढची चूक लपवते, आणि लपवलेल्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. आधी रुग्णाकडे धावा, मग वही पुढे करा, आणि त्यानंतर ती चूक घडलीच कशी हे तिच्याबरोबर बसून शोधा. दोन पाटील शेजारी-शेजारी का होत्या, हेही मग कळेल. दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्या दोन खाटा वॉर्डाच्या दोन टोकांना हलवल्या होत्या.

ती नोंद मी माझ्या हाताने लिहिली होती. सहीपाशी माझे अक्षर वाकडे झाले होते. बाईंनी त्याखाली आपलीही सही केली. विद्यार्थिनीच्या चुकीखाली शिक्षिकेने केलेली ती सही मी आयुष्यभर विसरले नाही. तीच आठवण आज आपल्या स्वाधीन करून मी आपली रजा घेते.